तुम्ही विचारलंत म्हणून : सीडी न लिहिता लिनक्स

"सीडी-ड्राइव्ह बंद पडला आहे, पेनड्राइव्हवरून मशीन सुरू होत नाही, आणि लिनक्सची आयएसओ फाइल तर रात्रभर बसून उतरवून ठेवली आहे, आता ती टाकायची कशी?" सांगलीत आणि मिरजेत हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवणे बरे. पेनड्राइव्ह चालत असेल तर पुढचे वाचण्याचे कारण नाही. प्रतिमा, म्हणजे ती आयएसओ फाइल, जशीच्या तशी त्यावर उतरवावी, त्यातला जुना मजकूर पुसला जातो एवढे लक्षात ठेवावे आणि कामाला लागावे.

विचारणाऱ्याच्या मनात बहुधा असे असते की आयएसओ फाइल सीडीवर लिहिल्याखेरीज तिचा उपयोग नाही. वास्तविक ती सीडीवरच्या मांडणीची हुबेहूब नक्कल असते, आणि ही मांडणी ज्या आयएसओ ९६६० मानकाने ठरवली ते १९८८ सालचे आहे. लिनक्स सुरू होताना मशीनला आधी फक्त दोन फायली लागतात : कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आणि 'इनिट-आरडी' नावाची प्राथमिक फाइल-व्यवस्था, जी मेमरीत उतरून बाकीची प्रणाली शोधते. या दोन फायली आणि उरलेल्या प्रणालीचा पत्ता मिळाला की त्या फिरत्या तबकडीवरून आल्या की हार्डडिस्कच्या कोपऱ्यातून, याची चौकशी कर्नल करत नाही.

हे मला नीट उमगले ते मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात. हळदीच्या सौद्यांचे दिवस होते. दिवाणजींच्या मशीनवर जुने उबुंटू हे लिनक्स होते आणि त्यांना त्याच कुळातले नवीन झुबंटू हवे होते. डीव्हीडीचा ट्रे बाहेर ओढला तर भिंगावर आणि खाचांत हळदीचा पिवळा थर बसलेला; बोट फिरवले तर बोट पिवळे झाले. मशीन कशावरून सुरू करायचे हे ठरवणाऱ्या बायोसच्या यादीत पेनड्राइव्हचे नावच येत नव्हते. दिवाणजी म्हणाले, "सर, म्हणजे आता नवीन मशीनच घ्यावं लागतंय की." मी म्हटले, "थांबा जरा, आधी चहा सांगा."

जुने लिनक्स आधीपासून असल्यामुळे त्याचा ग्रब हा बूटलोडरही (मशीन सुरू होताच कर्नल शोधून चालवणारा छोटा प्रोग्राम) होता, आणि ग्रबच्या दुसऱ्या आवृत्तीला 'लूपबॅक' नावाची आज्ञा येते : हार्डडिस्कवरची आयएसओ फाइल ती एखादी स्वतंत्र डिस्क असल्यासारखी उघडून दाखवते. मी आयएसओ फाइल 'होम'च्या, म्हणजे वापरणाऱ्याच्या फायलींच्या, विभाजनात (डिस्कच्या स्वतंत्र कप्प्यात) ठेवली, मशीन पुन्हा सुरू केले, ग्रबच्या मेनूवर 'सी' दाबून आज्ञांची काळी पाटी उघडली आणि फाइलचा पत्ता टाइप केला. उत्तर आले, फाइल सापडत नाही. अर्धा तास मी नावाचे स्पेलिंग, लहान-मोठी अक्षरे, टिंबे तपासत होतो. चूक वेगळीच होती. चालू लिनक्समध्ये आपण पत्ता 'होम'पासून सांगतो, पण कोणते विभाजन कुठे जोडले जाते हे ग्रबला ठाऊकच नसते. 'होम' स्वतंत्र विभाजनात असेल तर ग्रबच्या दृष्टीने पत्ता त्या विभाजनाच्या मुळापासून सुरू होतो आणि 'होम' हा शब्द त्यात येतच नाही. शिवाय ग्रब डिस्क मोजतो शून्यापासून आणि विभाजने एकापासून, हा आणखी एक त्रास. आत काय आहे ते दाखवणारी 'एलएस' ही आज्ञा देऊन एकेक विभाजनात डोकावले आणि पत्ता अर्धा लिहून टॅब दाबत गेलो, तेव्हा सहाव्या विभाजनात फाइल मिळाली.

त्यापुढे तीन ओळी. पहिल्या ओळीने लूपबॅकद्वारे आयएसओ उघडायची, दुसरीने तिच्यातील 'कॅस्पर' फोल्डरमधला कर्नल घ्यायचा आणि त्याला 'आयएसओ-स्कॅन/फाइलनेम' या नावाने आयएसओचा पत्ता पुन्हा सांगायचा, तिसरीने इनिट-आरडी. पत्ता दुसऱ्यांदा का, असे पुष्कळ जण विचारतात. कारण कर्नल चालू झाला की ग्रबचे काम संपते आणि त्याने उघडलेली फाइल कर्नलला दिसत नाही. इनिट-आरडीला ती नव्याने शोधावी लागते. हा शब्द विसरलात तर मशीन सुरू होऊन मध्येच अडकते. इनिट-आरडीच्या नावाला कधी शेपूट (टिंबापुढची अक्षरे) असते, कधी नसते, म्हणून आधी आयएसओ उघडून नाव पाहून घ्यावे.

हे उबुंटूच्या कुळाचे झाले. डेबियन या दुसऱ्या लिनक्सच्या लाइव्ह (न बसवताच चालणाऱ्या) प्रतिमेला 'फाइंड-आयएसओ' हा शब्द लागतो, आर्च या तिसऱ्याला 'आयएमजी-डेव्ह' आणि 'आयएमजी-लूप' असे दोन. डेबियनच्या साध्या इन्स्टॉलर-प्रतिमेतला इनिट-आरडी मात्र हार्डडिस्कवर आयएसओ शोधायला शिकलेलाच नसतो. त्यासाठी 'एचडी-मीडिया' प्रकारातले कर्नल आणि इनिट-आरडी वेगळे उतरवावे लागतात. हे ठाऊक नसल्यामुळे लोक उगाच फाइल खराब आहे असे ठरवतात. फाइल खराब आहे की नाही हे ठरवण्याची रीत वेगळी आहे : फाइलचा ठसा काढणारी 'एसएचए२५६-सम' ही आज्ञा चालवून येणारी ६४ अक्षरे वितरकाने दिलेल्या अक्षरांशी ताडून पाहावीत. वीज जाऊन उतरवणे मध्येच तुटलेली आयएसओ इन्स्टॉलर ऐंशी टक्क्यांवर असताना दगा देते, आणि तोवर जुनी प्रणाली पुसली गेलेली असते.

खरी काळजी घ्यायची ती जागेची. ज्या विभाजनात आयएसओ आहे ते चालू असताना वापरात असते, त्यामुळे इन्स्टॉलरला ते पुसता येत नाही. तो आधीच विचारतो की जोडलेली विभाजने सोडवू का. विभाजन सोडवणाऱ्या 'यूमाउंट' या आज्ञेला 'एल' हा पर्याय देऊन ते दिसेनासे करण्याची युक्ती अनेक जण सांगतात, पण प्रणाली तिथूनच वाचत असते, आणि ते विभाजन पुसणे म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालणे. "पूर्ण डिस्क पुसा" हा पर्याय या मार्गाने निवडताच येत नाही असे धरून चालावे. दिवाणजींकडे मूळ प्रणाली पाचव्या विभाजनात आणि आयएसओ सहाव्यात होती, म्हणून मी फक्त पाचवे पुसले आणि जुन्या खात्यांचे सहावे नंतर 'होम' म्हणून हाताने जोडले. सगळ्या डिस्कवर एकच विभाजन असेल, तर शेवटी चार-पाच जीबीचे छोटे विभाजन काढून आयएसओ तिथे ठेवावी. त्याची फाइल-व्यवस्था एफएटी३२ नसावी, कारण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

संध्याकाळी झुबंटू चालू झाल्यावर दिवाणजींनी विचारले, "ती मोठी फाइल आता पुसू का?" मी नको म्हटले. त्याच तीन ओळी नव्या ग्रबच्या '४०-कस्टम' या आपल्या नोंदींसाठीच्या फाइलमध्ये लिहिल्या, मेनू नव्याने बनवणारे 'अपडेट-ग्रब' चालवले, आणि मेनूमध्ये 'दुरुस्ती' अशी एक ओळ वाढली. डीव्हीडी-ड्राइव्हचा ट्रे आम्ही तसाच पिवळा ठेवून आत ढकलला.