टरफलासकट की टरफलाविना?

नागपुरात बर्डीवरच्या माझ्या ऑफिसात त्या दिवशी सकाळपासून संगणकाच्या एका पुस्तिकेचं भाषांतर सुरू होतं. पानोपानी 'शेल'. युनिक्समध्ये मधला गाभा म्हणजे कर्नल, आणि आपण टाइप केलेली आज्ञा त्याच्यापर्यंत पोचवणारं वरचं आवरण म्हणजे शेल. कर्नलचा मूळ अर्थच टरफलातला दाणा, तेव्हा ही नावं जोडीनं शोभतात. मी 'कवच' लिहीत गेले.

दुपारी इतवारीतले एक व्यापारी काका आले. परदेशी खरेदीदाराचा चार पानी करारनामा होता, भागीदारांना वाचायला तो संध्याकाळपर्यंत मराठीत हवा होता. मालाच्या रकान्यात 'शेल्ड ग्राउंडनट्स'. डोक्यात सकाळचं कवच पक्कं बसलेलं. मी 'टरफलासह शेंगा' लिहिलं आणि पुढं गेले.

काकांनी प्रिंट घेतली, चष्मा सारखा केला आणि नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं.

"मॅडम, तुम्ही तर फल्ली लिहून राहिल्या. खाली काउंट पाहा ना, 50/60. म्हणजे एका औंसात 50 ते 60 नग. औंस म्हणजे 28 ग्रॅम जी! तेवढ्यात साठ फल्ल्या कशा बसतील? हे दाणे आहेत."

माझ्या पोटात धस्स झालं. शब्दकोश काढला. 'शेल्ड' म्हणजे टरफल काढलेलं. टरफलासकट मालाला इंग्रजीत 'इन-शेल' म्हणतात. 100 किलो फल्ली फोडली की दाणे निघतात साधारण 70 किलो. भागीदारांनी माझ्या भरवशावर हिशेब मांडला असता तर?

आपल्याकडे नारळाची करवंटी, अंड्याचं कवच, समुद्रातला शिंपला, फल्लीचं टरफल. प्रत्येकाला आपापलं नाव. इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द. इथल्याच अंबाझरीच्या आयुध निर्माणीत शेल म्हणजे तोफगोळा. त्याचंच क्रियापद केलं की मटार सोलणंही तेच आणि गावावर तोफा डागणंही तेच. अशा शब्दापाशी थांबायलाच हवं होतं, आणि मी थांबले नव्हते.

'सोललेले शेंगदाणे, टरफलाविना' असं लिहून नवी प्रिंट काढली. काका पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला बसले. मीही मूळ इंग्रजी प्रत घेऊन त्यांच्या शेजारी बसले, एकेका शब्दावर बोट ठेवत.