एचिझेन : कागदाच्या गावाला जाणाऱ्यांसाठी

क्योतोची देवळं पाहायला जाणार असाल आणि चित्र, छपाई किंवा नुसत्या कागदाचीही ओढ असेल, तर त्यातला एक दिवस काढून फुकुई प्रांतातल्या एचिझेनला जाच. ब्रश न टेकवता, शाई न लावता कागदाचंच चित्र कसं होतं, ते तिथं बघायला मिळतं.

क्योतोहून ‘थंडरबर्ड’ गाडी आता त्सुरुगापर्यंतच जाते. मार्च २०२४ मध्ये शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, तिथवर आल्यामुळे जुन्या लेखांतली थेट ताकेफुची, म्हणजे एचिझेन शहरातल्या जुन्या स्टेशनाची, गाडी विसरा. शिंकान्सेनचं नवं एचिझेन-ताकेफु स्टेशन जुन्या ताकेफुपासून दूर आहे. मला सोयीची वाटली ती त्सुरुगाहून ताकेफुला जाणारी साधी ‘हापी-लाइन’, कारण कागदगावाची बस ताकेफु स्टेशनावरूनच मिळते. बस साधारण अर्ध्या तासात पोचते, पण फेऱ्या मोजक्याच. उतरल्या उतरल्या परतीच्या वेळेचा फोटो काढून ठेवा.

‘उदात्सु’ नावाच्या जुन्या कागदकराच्या घरात सगळं काम जुन्या पद्धतीनं चालतं. तिथं घाई करू नका. कोझो म्हणजे तुतीच्या कुळातलं झाड. त्याची साल शिजवतात आणि गार पाण्यात बसून तिच्यातला एकेक काळा ठिपका हातानं वेचतात. मग ती कुटून टाक्यात सोडतात आणि त्यात तोरोरो-आओइ या झाडाच्या मुळांचा चिकट रस घालतात. हे झाड आपल्या भेंडीचं भावंड! त्या बुळबुळीतपणामुळे लांब तंतू तळाशी बसत नाहीत, एकमेकांत गुंतत नाहीत, आणि साचा पुढेमागे हलवत पातळ थरावर थर चढवता येतो. पुण्याच्या हातकागदात सुती चिंध्यांचा लगदा असतो. तो कागद भरीव आणि देखणा, पण हा इतका पातळ असून फाटत नाही. उन्हाळ्यात रसाचा चिकटपणा उतरतो, म्हणून थंडीतला कागद उत्तम मानतात.

खरी मजा याच्या पुढे आहे. ओल्या, पातळ थरावर पाण्याचे थेंब पाडले की जिथे थेंब पडतो तिथले तंतू बाजूला सरतात आणि जाळी तयार होते. या पद्धतीला राकुसुइ म्हणतात. हिक्काकेमध्ये धातूच्या पट्टीचा आकार लगद्यात बुडवतात, त्याला अडकलेले लांब तंतू ओल्या कागदावर उतरवतात, आणि रेघ कागदाच्या अंगातच उमटते. आजचे कलावंत भिंतीएवढी कामं करतात ती याच कसबावर. हे वेड नवंही नाही. इथल्या इवानो हेइझाबुरो यांच्या कारखान्यानं १९२६ साली सुमारे साडेपाच मीटर लांबीरुंदीचा अखंड कागद काढला. त्यावर योकोयामा ताइकान आणि शिमोमुरा कान्झान यांनी वासेदा विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी चित्र रंगवलं. एवढा साचा हलवायला अनेकांचे हात एका लयीत चालावे लागतात. म्हणूनच कलावंताइतकंच त्या हातांचंही नाव घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

देऊळही चुकवू नका. ओकामोतो नदीच्या वरच्या अंगाला एक स्त्री प्रकटली आणि शेतजमीन जेमतेम असलेल्या या लोकांना तिनं कागद करायला शिकवलं, अशी कथा आहे. तिचं हे ठाणं. १८४३ च्या इमारतीचं छप्पर थरांवर थर असं रचलेलं आहे. उत्सव ३ ते ५ मे.

मंगळवारी संग्रहालयं बंद असतात. ‘पापिरस’ केंद्रात स्वतः कागद काढता येतो, अर्ध्या तासाचं काम. तो वाळवून त्याच दिवशी हातात देतात. खासगी कारखान्यांत मात्र आधी विचारल्याशिवाय शिरू नका, ती कामाची जागा आहे. शाकाहारी असाल तर डबा बरोबर न्या. इथल्या प्रसिद्ध मुळ्याच्या गार सोबा शेवयांवर माशाचा कीस असतो, रसातही मासा असतो. थोडी रोख रक्कम हवी, आणि मोठे ताव घेणार असाल तर पुठ्ठ्याची लांब नळी घरूनच न्या.