पोटमाळ्याचा पत्रा आणि अर्धवट तक्ता

रबाळे एमआयडीसीतल्या माझ्या गाळ्यात पोटमाळा घालायचा होता. नकाशा, परवानगी, गर्डर सगळं झालं. अडलो ते पत्र्यावर. गर्डरवर नागमोडी डेक शीट टाकायची, वर जाळी बांधून काँक्रीट ओतायचं, पत्रा कायमचा खालीच राहतो. सेंटरिंगची कटकट नाही.

कळंबोलीच्या स्टील मार्केटातल्या एका व्यापाऱ्याला विचारलं, "चौरस मीटरला ७५० किलो घेईल ना?" आकडा मी मनाने काढला नव्हता. इमारतींवरच्या वजनांचं जे भारतीय मानक ८७५ आहे, त्याच्या दुसऱ्या भागात गोदामाला चौरस मीटरला किमान ७.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ७५० किलो धरायला सांगितलंय. तो म्हणाला, "हत्ती नाचवा." मी खूश होऊन ऑर्डर देऊन टाकली.

कन्सल्टंट मॅडम म्हणाल्या, "प्रश्नच चुकीचा विचारलात. या पत्र्याला काँक्रीट धरून ठेवणारे उठाव नाहीत. स्लॅब पक्की झाली की वजन सळया घेतात, पत्रा हिशेबात नाही. त्याची परीक्षा माल, म्हणजे ओलं काँक्रीट, ओतायच्या दिवशी." मग कागदावर मांडून दाखवलं. पत्र्याच्या वर काँक्रीट ७५ मिलिमीटर, खालच्या ५० मिलिमीटर घड्या निम्म्या भरतात, म्हणजे सरासरी १००. चौरस मीटरला ओल्या काँक्रीटचे २५० किलो, माणसं-अवजारांचे १५०. एकूण ४००. "आता पत्रा किती अंतरावर किती वजन पेलतो याचा तक्ता आणा. एका स्पॅनचा, म्हणजे दोनच आधारांवर टेकलेल्या पत्र्याचा."

इथून माझे सोळा दिवस गेले.

पहिला आठवडा "उद्या पाठवतो". मग रंगीत माहितीपत्रक आलं, त्यात मॉलचे फोटो. मग "साहेब, सगळीकडे हाच पत्रा जातो." मी दुकानात जाऊन बसलो, चहा प्यायलो, परत आलो. बाराव्या दिवशी मोबाइलवर तक्त्याचा फोटो आला आणि त्यात वरची ओळच कापलेली! आकडे आहेत, पण ते एका स्पॅनचे की तीन, पत्ता नाही. मागितलं तर म्हणे, "आकडे तर दिलेत ना?" शेवटी पत्र्यावर छापलेलं नाव बघून मी थेट कारखान्यात फोन केला. अर्ध्या तासात पूर्ण तक्ता ईमेलवर. हे पहिल्या दिवशी सुचलं असतं तर! तुम्ही तरी दुकानदाराच्या मागे लागू नका.

फोटोतले आकडे तीन स्पॅनचे निघाले. माझे गर्डर २.४ मीटरवर, आणि चौदा फुटी टेम्पोत मावावेत म्हणून व्यापाऱ्याने पत्रे २.४ मीटरचेच कापून पाठवले होते. म्हणजे प्रत्येक तुकडा एकटा, दोन टोकांवर. तोच पत्रा दोन खणांवर, म्हणजे तीन गर्डरांवर, अखंड टाकला तर निम्म्याहून कमी वाकतो. वाकण्याला मर्यादा स्पॅनच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, १८० व्या भागाची, माझ्याकडे साधारण १३ मिलिमीटर. त्यापुढे गेला तर खोलगट भागात माल जास्त साचतो, वजन वाढतं, पत्रा आणखी वाकतो.

मधोमध टेकू लावूनही भागलं असतं. पण खाली माझी लेथ मशिनं, टेकू कुठे उभे करू? ४.८ मीटरचे पत्रे मागवले, सतरा फुटी गाडीचं भाडं मी भरलं.

हो, जाडी स्वतः मोजा. ०.८ मिलिमीटर म्हणून मिळालेल्या पत्र्यात जस्ताचा थरही असू शकतो. चौरस मीटरला २७५ ग्रॅमचा लेप दोन्ही बाजू मिळून सुमारे ०.०४ मिलिमीटर होतो. तक्त्यात नुसत्या पोलादाची जाडी असेल तर तेवढी वजा करा.

ओतायच्या दिवशी पंपवाल्याला दोनदा ओरडावं लागलं. तो एकाच जागी ढीग करत होता. दोन्ही खण बरोबरीने भरायला हवेत, एकच आधी भरला तर अखंड पत्र्याचा फायदा कमी होतो. खालून दोरी ताणून बघत होतो. सगळ्यात जास्त ६ मिलिमीटर.

कापलेल्या तुकड्यांपैकी निम्मे व्यापाऱ्याने कुरकुरत परत घेतले. उरलेल्यांचं गेटजवळ कामगारांच्या बाइकींवर छप्पर केलंय.