तिचे लग्न तर झालेलेच होते, मग पोलिसांना कळवायची काय गरज होती?

हा प्रश्न मला सासरची माणसे विचारतात, सरपंच विचारतात, आणि आता माझ्याबरोबर शिकलेले डॉक्टरही विचारू लागले आहेत. तुम्ही विचारलेत म्हणून एकदाचे सविस्तर लिहिते. ऊसतोड कामगारांच्या पट्ट्यातल्या ग्रामीण रुग्णालयात मी काम करते, आणि अठरा वर्षांखालील गरोदर मुलगी आली की पोलीस ठाण्याला कळवते. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम 19 नुसार ते बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. लग्नामुळे त्यात फरक पडत नाही, कारण अठरा वर्षांखालील पत्नीशी ठेवलेला शरीरसंबंधही बलात्कारच, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये ठरवले. पण कलमे सांगून तुमचे समाधान होत नाही हे मला ठाऊक आहे, आणि खरे सांगायचे तर माझेही होत नाही.

पावसाळ्यात आशाताई, म्हणजे वस्तीवरच्या आरोग्य स्वयंसेविका, एका मुलीला घेऊन आल्या. सातवा महिना, पायांवर सूज, पापण्या आतून पांढऱ्याफटक, हिमोग्लोबिन साडेसहा. आधार कार्डावर वय एकोणीस. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर सासूच देत होती, म्हणून तिला रक्ताची चिठ्ठी देऊन बाहेर पाठवले आणि मुलीला एवढेच विचारले, की शाळा कधी सुटली. ती म्हणाली, "नववीची सहामाही दिली, मंग दिवाळीत लगीन झालं." म्हणजे ती पंधराची होती. ऊसतोडीची उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ मिळणारे पैसे, जोडप्यावर मिळते, आणि आई-बाप सहा महिने कारखान्यावर असताना वयात आलेल्या मुलीला गावात कोणाच्या भरवशावर ठेवायचे, ही धास्तीही खोटी नाही. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

आधी रक्त चढवले, मग कळवले. जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसावा आणि शक्यतो ती महिला असावी, असे कायद्यात लिहिले आहे. प्रत्यक्षात गणवेशातले दोघे थेट वॉर्डात आले आणि शेजारच्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या. मी त्यांना माझ्या खोलीत नेऊन बसवले. महिला अधिकारी संध्याकाळी आल्या. नवऱ्याला, म्हणजे एकवीस वर्षांच्या पोराला, अटक झाली. दुसऱ्या दिवशी राउंडला गेले तेव्हा मुलीने विचारले, "मॅडम, तुमीच रगत दिलं, मंग त्यांना का धरून दिलं?" मी तिला बालकल्याण समितीविषयी सांगू लागले आणि मध्येच थांबले, कारण आता आपल्याला कोण पोसणार, हे ती विचारत होती आणि मी सांगत होते भलतेच. तिचे बाळंतपण जिल्हा रुग्णालयात सुखरूप झाले. पुढे ती माहेरी गेली, एवढेच मला कळले.

उद्या तशीच मुलगी आली तरी मी कळवणार. वय दडपून तिला परत पाठवणे म्हणजे दीड वर्षात पुन्हा त्याच पापण्या पाहणे, आणि ते मी पाहिलेले आहे. पण नोकरीला लागताना मला वाटे, की कळवले म्हणजे मूल सुरक्षित झाले. त्या विश्वासाची बाजू आज मला घेता येत नाही. आशाताई सांगतात, की त्या वस्तीवरच्या कोवळ्या पोरी आता तपासणीलाच येत नाहीत, लांबच्या खासगी दवाखान्यात वय वाढवून नाव घालतात. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीची ओळख, तिने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास, पोलिसांना न सांगण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये डॉक्टरांना दिली. सातव्या महिन्यात आलेल्या मुलीला तिचा काय उपयोग?

मला राग येतो तो हा प्रश्न फक्त मलाच विचारला जातो याचा. माझ्या टेबलापाशी पोहोचण्याआधी ती मुलगी वर्गशिक्षकांच्या हजेरीपटावरून गळालेली असते. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि लग्नाचा मांडव त्यालाही दिसतो. 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली लग्नाआधीच न्यायालयाचा मनाई हुकूम मिळू शकतो, 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कोणालाही फोन करता येतो, आणि त्या वेळी कळवले तर कोणाचाही नवरा तुरुंगात जात नाही. यंदा मी आसपासच्या मुख्याध्यापकांना पत्रे पाठवली आहेत, की सहामाहीनंतर ज्या मुली वर्गात परतल्या नाहीत त्यांची नावे त्याच आठवड्यात ग्रामसेवकाला लेखी द्यावीत आणि एक प्रत माझ्याकडे पाठवावी. एका शाळेकडून यादी आली आहे. बाकीच्यांना मी पुन्हा लिहिणार आहे.