भूलतज्ज्ञ नाही, म्हणजे सिझर नाही

आज धारणीच्या रुग्णालयात पुन्हा तेच. रुग्णालय बंद पडायला दाराला कुलूप लागावं लागत नाही. सर्जन आहे, ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर आहे, पण भूलतज्ज्ञाची जागा रिकामी. मग अडलेली बाई थेट रेफर. धारणीहून अमरावती म्हणजे मेळघाटाचा घाटरस्ता धरून दीडशेक किलोमीटर. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव तेवढा वेळ देत नाही हो!

रक्तसाठ्याचा फ्रिज 2 ते 6 अंशांतच हवा. लाइट गेली आणि जनरेटरमध्ये डिझेल नसलं, की पिशव्या बाद. म्हणून तापमानाची नोंद रोज, प्रत्येक पाळीत झालीच पाहिजे.

नवी इमारत मागाहून बांधा. आधी भूलतज्ज्ञाला राहण्याजोगं क्वार्टर आणि वेळेवर मानधन द्या. आणि प्रत्येक पाळीला इथल्या आदिवासींची कोरकू भाषा बोलणारी एक तरी सिस्टर हवी. संमतीपत्र नुसतं मराठीत वाचून दाखवून भागत नाही.