पेठा बघून खाद्य ओळखावं

भांडुप स्टेशनाजवळच्या चिकनवाल्याला माझी सवय झालीय. बाकीची गिऱ्हाईकं लेग पीस बघतात, मी पेठे बघते, म्हणजे कोंबडीच्या पोटातला खाद्य दळणारा अवयव. गावरान कोंबडीचा पेठा मुठीत घट्ट लागतो, चिरला तर आत खडे सापडतात. ब्रॉयलरचा त्यामानाने लहान आणि लुळा. "मॅडम, जातच तशी," तो म्हणतो. जातीचा भाग आहेच, पण पक्ष्याने कुठल्या पोताचं, म्हणजे किती जाड-बारीक दळलेलं खाद्य खाल्लं, तेही त्यात दिसतं.

परळच्या व्हेटर्नरी कॉलेजातून बाहेर पडल्यापासून माझी नोकरी खाद्याचीच. कर्जत-खालापूरकडच्या कोंबड्यांच्या शेडवर गेलं की सगळे विचारतात, प्रोटीन किती टक्के? मका किती बारीक दळलाय, हे कुणी विचारत नाही.

कोंबडीला दात नाहीत. गिळलेलं खाद्य आधी गळ्याखालच्या क्रॉप नावाच्या पिशवीत भिजतं, पुढे छोट्या जठरात त्यावर आम्ल आणि पेप्सिन नावाचं पाचक द्रव्य पडतं, आणि मग पेठा ते दळतो. पेठा म्हणजे बहुतेक सगळा स्नायूच. काम मिळालं तर वाढतो, नाही मिळालं तर खुरटतो. मक्याच्या कण्या आल्या की त्या बारीक होईपर्यंत तो पुढे सोडत नाही. मधूनमधून उलट जठराकडेही ढकलतो. तेवढ्या वेळात आम्ल नीट मुरतं, प्रथिनं फुटू लागतात, बरेच जंतूही तिथेच मरतात. पिठासारखं बारीक खाद्य मात्र कर्जत फास्टसारखं मधली स्टेशनं सोडून आतड्यात पोचतं. न पचलेलं प्रथिन मग खालच्या आतड्यातल्या जंतूंच्या वाट्याला जातं.

म्हणून पिल्लांना नुसता भरडा, म्हणजे दळलेलं सुटं खाद्य, घालायचा का? नाही. अंड्यातून निघालेलं पिल्लू साधारण ४० ग्रॅमचं असतं, आणि पहिल्या आठवड्यात त्याचं वजन चौपटीच्या वर जायला हवं. भरड्यात ते मोठे कण वेचतं आणि बारीक भुकटी मागे ठेवतं. व्हिटॅमिन, मिनरल बरेचसे त्या भुकटीतच. शिवाय भुकटी चोचीला चिकटते आणि पाण्याच्या भांड्यात जाते. क्रंबल म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या कांड्या मोडून केलेले बारीक दाणे, त्यातल्या प्रत्येक दाण्यात सगळं असतं. खायला वेळ आणि ताकद कमी लागते, पिल्लू जास्त खातं, वजन पटकन येतं. ३-४ मिलिमीटरची अख्खी कांडी, म्हणजे पेलेट, पहिल्या दिवसांत त्याच्या चोचीला मोठी पडते, म्हणून साधारण दहाव्या दिवसापर्यंत क्रंबल आणि मग पेलेट.

गोम अशी की पेलेट बाहेरून कडक असली तरी क्रॉपमध्ये भिजली की विरघळते आणि तिच्या पोटातली भुकटीच पेठ्यात जाते. मिलवाल्यांना पेलेट तुटायला नको असते, म्हणून हॅमर मिलला, म्हणजे दळायच्या मशिनला, बारीक जाळी लावून मका आणखी दळतात. मला हा हव्यास पटत नाही. जाळी थोडी मोठी ठेवली, मक्याचा काही भाग जाडसर राहिला, तर पेलेट किंचित ठिसूळ होईल, पण पेठ्याला काम मिळेल. मात्र पेलेटच्या मशिनमध्येही कण आणखी चिरडले जातात, हे धरूनच जाळी निवडायची. युरोपात बऱ्याच ठिकाणी पेलेटसोबत अख्खा गहू देतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

शेडवर गेले की मी पिल्लं यायच्या दुसऱ्या दिवशी क्रॉप चाचपते. भरलेला आणि मऊ लागला तर ठीक. भरलेला पण कडक असेल तर पाणी कमी पडतंय. रिकामा असेल तर आधी ब्रूडरखालची ऊब बघायची, मग कागदावर पसरलेलं खाद्य.

पावसाळ्यात आमच्याकडची दमट हवा आणखी एक काम वाढवते. फीडरच्या तळाशी साचलेली भुकटी ओल धरते, तिचे गोळे होतात आणि बुरशी येते. वरून ताजं क्रंबल ओतत राहिलं तर खालचं कळतही नाही. म्हणून पिल्लांना अधूनमधून फीडर पूर्ण रिकामा करू द्यावा. आणि पोत्याच्या तळाचा चुरा कोपऱ्यातल्या एकाच फीडरमध्ये ओतू नये. बरेच जण तेच करतात आणि मग त्या कोपऱ्यातली पिल्लं बारीक का राहिली म्हणून मला फोन लावतात.