पाय मोडलेला ‘स’

कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत आमच्या मामांचे दुकान आहे. त्यांच्या संकेतस्थळासाठी ‘पुरुषांसाठी’, ‘स्त्रियांसाठी’, ‘कापशी’ (कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार), ‘संपर्क’ अशा चार लिंक मी केल्या आणि प्रत्येकीचे आद्याक्षर लाल करावे, असे मामांनी सुचवले. त्यासाठी सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेत, पहिल्या अक्षराला वेगळे रूप देणारी ‘फर्स्ट-लेटर’ ही सोय १९९६ च्या पहिल्या आवृत्तीपासून असल्यामुळे दहा मिनिटांचे काम म्हणून मी बसलो, आणि एकही अक्षर लाल झाले नाही.

कारण साधे होते. ‘फर्स्ट-लेटर’ फक्त ब्लॉक स्वरूपाच्या, म्हणजे स्वतंत्र चौकटीसारख्या घटकांना लागू पडते, तर लिंक मुळात इनलाइन, म्हणजे ओळीतल्या शब्दांसारखी वाहणारी असते. तिचा डिस्प्ले, म्हणजे मांडणीचा प्रकार, ‘इनलाइन-ब्लॉक’ केला की अक्षर रंगते. मात्र अशी लिंक परिच्छेदात आली तर ओळ संपताना तिचे शब्द सुटे होऊन खाली उतरत नाहीत, तर अख्खी लिंकच पुढच्या ओळीवर जाते. मेनूत हे चालून जाते. लिंकला ‘फ्लेक्स’ (आतले घटक रांगेत मांडणारा प्रकार) केले तर ‘फर्स्ट-लेटर’ पुन्हा निकामी होते, पण तिच्या बाहेरच्या डब्याला ‘फ्लेक्स’ केले तर आतल्या लिंक आपोआप ब्लॉक बनतात आणि वेगळे काही लिहावे लागत नाही. ‘फर्स्ट-लेटर’च्या आधी दोन अपूर्णविराम (::) लिहितात, पण इंटरनेट एक्सप्लोरर ८ या जुन्या ब्राउझरला ते कळत नसत, एकच लागे. त्या ब्राउझरसाठी आज कोणी झुरत बसू नये.

खरी पंचाईत पुढेच होती. माझ्या संगणकावर ‘स्त्रि’ पूर्ण लाल दिसत होते, पण मामांनी आपला फोन पुढे केला आणि म्हणाले, “अरे, हे अक्षर निम्मंच का रंगलंय?” तिथे ‘स्’ तेवढा लाल होऊन वेगळा पडला होता, खाली त्याचा पाय मोडलेला, आणि ‘त्रि’ काळीच राहिली होती. चपलेच्या दुकानात पाय मोडलेले अक्षर शोभणारे नव्हते!

पहिले अक्षर कुठे संपते, हे ठरवायला युनिकोडच्या, म्हणजे संगणकावरील सर्व लिप्यांच्या प्रमाण संकेतप्रणालीच्या, अक्षरगटांच्या नियमांचा आधार असतो. जुन्या नियमांत हलंतानंतर गट तुटत असे, म्हणजे ‘स्त्रि’चे ‘स्’, ‘त्’ आणि ‘रि’ असे तीन तुकडे पडत. देवनागरी जोडाक्षर अखंड धरणारा नियम १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली आला. त्यामुळे जुना ब्राउझर आणि नवा ब्राउझर यांच्यात तफावत पडली, तर नवल नाही. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेऊन हे कधीच उघडकीस आले नसते.

शेवटी ‘स्त्रि’ला मी हाताने स्पॅनमध्ये, म्हणजे मजकुराचा तुकडा वेगळा करणाऱ्या खुणेत, गुंडाळले. अक्षर मोठे करण्याचा मोह मात्र टाळला, कारण आकार बदलला की शिरोरेषेला पायरी पडते, आणि ती रंगापेक्षा जास्त खुपते. ‘कापशी’च्या ‘का’ला काहीच करावे लागले नाही.